डब्यावरची माणसे

ग्लासगोच्या पॅटर्सन कंपनीने 1876 मध्ये 'कॅम्प कॉफी' बाजारात आणली. कॉफी, चिकोरी आणि साखर यांचा घट्ट अर्क बाटलीत भरलेला. गरम पाणी किंवा दूध ओतले की पेय तयार. हिंदुस्थानात निघालेल्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीला छावणीत दाणे भाजत-दळत बसावे लागू नये म्हणून तो काढला गेला, अशी आख्यायिका आहे. बाटलीवरच्या कागदावर छावणीच होती. तंबूपुढे किल्ट घातलेला स्कॉटिश अधिकारी बसलेला, हातात कप. त्याच्या शेजारी फेटा बांधलेला शीख, हातात तबक घेऊन उभा. पुढे कधीतरी त्या शिखाच्या हातातले तबक पुसले गेले, पण तो उभाच राहिला. अगदी अलीकडच्या चित्रात मात्र दोघेही शेजारी-शेजारी बसले आहेत आणि दोघांच्याही हातात कॉफी आहे. तबक उतरून बसायला जागा मिळेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली.

हे चित्र नांदेड परिसरातल्या माणसाने पाहिले तर त्याला ते वेगळे टोचेल. इथे गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. गोदाकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले दखनी शीख इथल्या लोकांना शाळेत, बाजारात, शेताच्या बांधावर भेटतात. तबक घेऊन उभा राहिलेला शीख हा ग्लासगोतल्या चित्रकाराने गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी रचलेला माणूस होता. खाण्यापिण्याच्या जुन्या जाहिरातींत असे रचलेले लोक जगभर सापडतात. कोणाला उभे केले, कोणाला बसवले, कोणाच्या हातात पळी दिली, कोणाच्या हातात घास दिला आणि कोणाला चित्रात घेतलेच नाही, हे पाहू लागले की डबे, बाटल्या, पुड्या आणि कॅलेंडरे यांतून एका समाजाचा इतिहास वाचता येतो. या प्रस्तावनेचा विषय तो आहे, आणि तो मुदखेडहून पाहायचा आहे.

मुदखेडहूनच का? हे गाव रेल्वेचे जंक्शन आहे म्हणून. नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, फुलशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावातून मनमाड–सिकंदराबाद मार्ग जातो आणि आदिलाबादचा फाटा इथेच फुटतो. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची ही मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पूर्ण झाली आणि निजामाच्या राज्याचा हा कोपरा एकाच वेळी दोन शहरांना जोडला गेला. एका बाजूने मुंबईचा माल मनमाडला रुंद रुळांवरून उतरून अरुंद रुळांवर चढत असे. दुसऱ्या बाजूने हैदराबादचा माल थेट येत असे. मुंबईच्या मालाला राज्याच्या हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. दुकानात निजामाचा हाली सिक्का चाले. त्यामुळे इथल्या फळीवर मुंबईच्या कारखान्याची बाटली आणि हैदराबादच्या हकिमाची बाटली शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांनी मराठी जाहिरातीचा इतिहास बहुतेक वेळा केसरी, मनोरंजन, किर्लोस्कर अशा नियतकालिकांच्या पानांवरून सांगितला आहे. तो खरा आहे, पण अर्धा आहे. मराठवाड्यातल्या घरात चित्रे दोन दिशांनी आली.

आधी एक साधा प्रश्न. खाण्याच्या वस्तूवर माणसाचा चेहरा लागतोच कशाला?

किराणा मालाला शतकानुशतके चेहरा नव्हता, कारण चेहरा दुकानदाराचा होता. डाळ, गूळ, मीठ, मिरची पोत्यातून निघे, मापाने मोजली जाई आणि रद्दीच्या पुडीत बांधून हाती पडे. करडईचे तेल गावच्या घाण्यावरचे. तो घाणा कोणाचा, बैल कोणाचा, सगळे ठाऊक. मग बंद डबे आले. बिस्किटे, आटवलेले दूध, चहा, वनस्पती तूप. आत काय आहे ते दिसत नाही, आणि कोणी केले ते तर मुळीच दिसत नाही. आपल्या समाजात हा दुसरा प्रश्न पहिल्याहून जड होता. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 मध्ये रानडे, टिळक, गोखले आणि इतर मंडळी जमली असताना चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली आणि एवढ्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. कप आणि बिस्किट कोणाच्या हातचे, यावर शहर पेटू शकत होते, त्या काळात परक्या कारखान्यातले बिस्किट विकायचे होते.

व्यापाऱ्यांनी या भीतीला सरळ उत्तर दिले. दिल्लीत 1898 मध्ये निघालेल्या 'हिंदू बिस्किट कंपनी'ने आपला माल उच्चवर्णीय हिंदूंच्याच हातून तयार होतो, अशी ग्वाही जाहिरातीत दिली. रेल्वे फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या सोयी होत्या. शहरांत खास ब्राह्मणांसाठीच्या खाणावळी आपले नाव पाटीवर मिरवत. इथे जात हाच शिक्का होता आणि जाहिरात म्हणून तो पुरेसा होता. पाश्चात्त्य देशांतल्या डब्यांवरचे परके चेहरे तपासताना हे विसरून चालणार नाही. तिकडे चित्राने वर्ण विकला. इकडे पाटीने जात विकली, आणि ती विकताना चित्राचीही गरज पडली नाही.

वर्ण दाखवणारे आणि समाज दाखवणारे चित्र एका ठिकाणी, एकाच वर्षी शेजारी आले होते. शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन नावाची बाई पीठ कालवून पॅनकेक भाजून दाखवत होती. तिचा जन्म 1834 मध्ये केंटकीत, गुलामगिरीत झाला होता. पीठ विकणाऱ्या कंपनीने तिला 'आंट जेमायमा' हे नाव दिले होते. नाव घेतले होते ते एका गाण्यावरून, ज्यात गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्यांची नक्कल करत. डोक्याला रुमाल बांधलेली, सदा हसतमुख, दुसऱ्यांच्या मुलांना जेवू घालणारी काळी स्वयंपाकीण अशी ती प्रतिमा. गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षेही झाली नव्हती आणि ती संपल्याचे दुःख असणाऱ्यांना कंपनी एका पाकिटात जुने घर परत देत होती. पुढे 1926 मध्ये हा ब्रँड क्वेकर ओट्सने घेतला. त्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यावर 1877 पासून क्वेकर पंथाचा टोपीवाला सद्‌गृहस्थ होता, आणि कंपनीचा त्या पंथाशी काही संबंध नव्हता. सचोटीची ख्याती असलेल्या लोकांचा चेहरा तेवढा उसना घेतला होता. जेमायमाचे नाव आणि चित्र काढून टाकण्याची घोषणा 2020 मध्ये झाली, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर. पुढच्या वर्षी त्याच पिठाला 'पर्ल मिलिंग कंपनी' हे नाव मिळाले.

त्याच प्रदर्शनाला राजा रविवर्म्याने दहा चित्रे पाठवली होती, हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रियांची. त्यांना पारितोषिके मिळाली. प्रत्येकीची लुगडे नेसण्याची तऱ्हा, दागिने, केशरचना, कपाळाचे कुंकू वेगळे. पाहणाऱ्याने समाज ओळखावा अशी योजना. रविवर्म्याच्या बायका कोणाच्या चाकर नाहीत आणि त्यांच्या डोळ्यांत स्वतःचे काही चाललेले दिसते, हा फरक मोठा आहे. तरी समाजागणिक एक बाई, तिच्या अंगावर त्या समाजाच्या खुणा, अशी वर्गवारी तिथे आहेच. आणि ही वर्गवारी छापखान्यात फार उपयोगी पडली.

दुसऱ्याच वर्षी, 1894 मध्ये, रविवर्म्याने मुंबईत गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वेगळा ठसा, आणि सगळे ठसे एकमेकांवर अचूक बसले की शकुंतला, सरस्वती, लक्ष्मी उमटे. कारखाना नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि 1972 मध्ये आगीत जळाला. त्या आधी त्याने घराघराच्या भिंती बदलल्या होत्या. देवघराच्या बाहेर पडलेला देव कागदावर स्वस्त झाला आणि व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की या कागदाच्या खाली चार अंगुळे जागा ठेवली तर कंपनीचे नाव वर्षभर भिंतीवर राहते. साबणवाल्यांनी, दुधाच्या भुकटीवाल्यांनी, पोटदुखीच्या औषधवाल्यांनी ही युक्ती उचलली. वुडवर्ड्सच्या ग्राइप वॉटरची देवादिकांची कॅलेंडरे घरोघर लागली. बाळकृष्णाला यशोदा भरवते आहे आणि खाली इंग्लंडमधल्या बाटलीचे नाव, असा मेळ कोणाला खटकला नाही. परक्या वस्तूची शंका ओळखीच्या आईने फेडली.

देव संपले की बायका सुरू होत. महादेव विश्वनाथ धुरंधर हे जे. जे. स्कूलचे नामांकित चित्रकार. त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन मराठी चित्रकलेच्या अभ्यासात टाळता येत नाही. मुलकी सेवेतले अधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या 1920 च्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी त्यांनी देशभरच्या स्त्रियांची चित्रे काढली: ही नागर ब्राह्मण, ही कोळीण, ही मुसलमान बाई. सरकारने 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढून जातीजमातींची छायाचित्रे लावली होती, त्याच परंपरेतले हे काम. फरक एवढाच की धुरंधरांचा हात प्रेमळ आणि नजर आपल्या माणसाची होती. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांनी कॅलेंडरे, मुखपृष्ठे आणि जाहिराती यांतून मराठी स्त्रीचे जे रूप घडवले ते आजही मसाल्याच्या पुडीवर तग धरून आहे. नऊवारी, नथ, आंबाडा, हातात सांडशी किंवा पाटा-वरवंटा. ही बाई कोणत्या जातीची, कोणत्या जिल्ह्यातली, हे कोणी विचारत नाही. कारण तिच्या नथीने आणि काठापदराने ते आधीच सांगितलेले असते. लातूरच्या मोंढ्यात हमाली करणाऱ्याची बायको चुलीपुढे बसते तेव्हा ती अशी दिसत नाही.

वेष्टनांवरच्या दोन गवळणी या बाबतीत बोलक्या आहेत. नेस्लेने हिंदुस्थानात 1912 मध्ये आटवलेले दूध विकायला सुरुवात केली. मिल्कमेडच्या डब्यावर युरोपातली गवळण होती. डोंगरउतारावरची, निरोगी, स्वच्छ पेहरावातली. कारखान्यात, यंत्रावर, हजारो मैल दूर आटवलेल्या दुधाला एका खेडुत बाईचे हात दिले गेले. विलेपार्ल्यात 1929 मध्ये सुरू झालेल्या पार्ले कंपनीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस ग्लुको बिस्किटे काढली, तेव्हा तिच्या वेष्टनावरही गाय, वासरू आणि गवळणच होती, फक्त आपल्या इकडची. इंग्रजी बिस्किटांना देशी उत्तर द्यायचे तर गोकुळाइतके जवळचे दुसरे काय होते? गौळण ऐकत वाढलेल्या महाराष्ट्राला तर ती घरचीच वाटली असणार.

साठच्या दशकात मात्र ती गवळण गेली आणि तिच्या जागी एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दहिया यांनी रेखाटलेली गुबगुबीत छोटी मुलगी आली. त्याच दशकात, 1966 मध्ये, सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलसाठी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी उभी केली; पोल्सन लोण्याच्या जाहिरातीतल्या मुलीला ते उत्तर होते. या दोन्ही मुलींकडे नीट पाहावे. कपाळाला टिकली नाही, नाकात काही नाही, लुगडे नाही. तमिळ की पंजाबी, हिंदू की मुसलमान, सांगता येत नाही. सबंध देशाला एकच बिस्किट आणि एकच लोणी विकायचे होते, आणि ज्या वयात जात अंगावर चढलेली नसते त्या वयाचे माणूस चित्रकारांनी निवडले. डालड्याने तर माणूसच टाळला. लिव्हर कंपनीने 1937 मध्ये आणलेल्या या वनस्पती तुपाच्या पिवळ्या डब्यावर ताडाचे हिरवे झाड होते. तुपात काय मिसळले आहे याबद्दल ज्या देशात सर्वांत जास्त शंका, तिथे झाड हे सर्वांत सुरक्षित उत्तर होते. झाडाला कोणाचा विटाळ होत नाही. मराठवाड्यात तो रिकामा डबा पुढे ज्वारी मोजायला, तुळस लावायला, पाणी शेंदायला कामी आला, आणि झाड घरात राहिले.

चहाची कथा वेगळी, कारण चहा विकणारी एकटी कंपनी नव्हती. सबंध मळेवाल्यांची संघटित यंत्रणा होती. 1903 च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. आधी तो परदेशांत होता. 1930 च्या दशकातल्या मंदीत परदेशी मागणी ढासळली तशी मळेवाल्यांची नजर इथल्या तोंडांकडे वळली. प्रचारक स्टेशनांवर, जत्रांत, गिरण्यांच्या फाटकांवर, घरांच्या अंगणात जाऊन चहा करून दाखवत आणि पाजत. चहा कसा करावा, हे सांगणाऱ्या मुलाम्याच्या पाट्या अनेक भाषांत स्टेशनांवर लागल्या. भित्तिचित्रांवर निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या पागोट्यांची माणसे एकाच कपाकडे वळलेली दाखवली जात. आणि 1947 मध्ये कलकत्त्याच्या अन्नदा मुन्शी यांनी काढलेल्या चित्रात साडीतली स्त्री चरख्यापुढे बसली आहे, जवळ चहा आहे आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचे लिहिले आहे. गांधीजींनी चहाला आरोग्याच्या दृष्टीने विरोध केला होता. त्यांचाच चरखा इंग्रजांनी लावलेल्या मळ्याच्या पानांसाठी वापरला गेला. इतिहासातले चिन्ह उचलून त्याचा अर्थ पालटण्याचे इतके धीट उदाहरण भारतीय जाहिरातीत क्वचितच सापडेल. आजचा मराठी माणूस पाहुण्याला चहा विचारल्याशिवाय सोडत नाही, यामागे त्या प्रचाराचा वाटा फार मोठा आहे.

आता हैदराबादच्या बाजूची बाटली. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारुकी यांनी 1920 मध्ये 'जिंदा तिलिस्मात' तयार केले. निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे सत्त्व, ओव्याचे सत्त्व आणि रंगासाठी रतनजोत. सर्दी, खोकला, पोटदुखी, अंगदुखी. पाण्यात थेंब टाकून घ्यायचे, नाहीतर चोळायचे. काटेकोर अर्थाने हे अन्न नव्हे, पण मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ही इवलीशी बाटली शतकभर राहिली आहे आणि तिच्यावरचे चित्र सोडून या भागात हा विषय मांडताच येणार नाही. त्या चित्रात एक धिप्पाड आफ्रिकी पुरुष आहे.

तो आला निजामाच्या फौजेतून. निजामाकडे आफ्रिकी वंशाच्या, म्हणजे सिद्दी, घोडेस्वारांचे रक्षकदल होते, हैदराबादेत ए. सी. गार्ड्स ही वस्ती आजही त्यांच्या नावाने आहे. अंगाने दणकट, आजाराला दाद न देणारा माणूस म्हणून सिद्द्यांची ख्याती होती, आणि औषधाला तीच हवी होती. फ्रान्समध्ये पाच वर्षे आधी, 1915 मध्ये, 'बनानिया' या केळी-कोकोच्या भुकटीच्या जाहिरातीत सेनेगलचा काळा शिपाई आला. तोही फौजेतला, तोही ताकदीसाठी. पण तो दात काढून हसत होता आणि त्याच्या तोंडी मोडकीतोडकी फ्रेंच घातली होती. सेनेगलचे कवी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लेओपोल्द सेंघोर यांनी त्या हसण्याचा राग आपल्या कवितेत नोंदवला आहे. हैदराबादचा सिद्दी असा कोणाचे मनोरंजन करत नाही. गिऱ्हाइकाने त्याच्यावर हसायचे नसून त्याच्यासारखे व्हायचे आहे. हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो अपघाताने पडलेला नाही, कारण दख्खनला आफ्रिकेतून आलेला माणूस सत्तेवर बसलेला ठाऊक होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला; त्याने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आणि 1626 मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना झुंजवले. जंजिऱ्याच्या सिद्द्यांचा किल्ला मराठ्यांना अखेरपर्यंत जिंकता आला नाही.

तरीही बाटलीवरच्या त्या माणसाला नाव नाही. त्याच्याजवळ बुद्धी, राज्यकारभार, कालवे-नहरी यांतले काही नाही. फक्त शरीर आहे. मलिक अंबराची मुत्सद्देगिरी चित्रात मावली नाही, दंड मावले. उत्तरेत आणि हैदराबादेत काळसर, दुधातुपाच्या एका मिठाईला 'हबशी हलवा' म्हणतात. तिथे तर शरीराचाही फक्त रंग उरला. रक्षकदल 1948 नंतर विसर्जित झाले, त्यातल्या कुटुंबांचे दिवस पालटले. बाटली मात्र विकली जात राहिली. चित्र आदराचे असले तरी ज्यांचे चित्र आहे त्यांच्या वाट्याला त्यातून काय आले, हा प्रश्न जिंदा तिलिस्मातलाही विचारला पाहिजे, जसा तो जेमायमाला विचारला गेला.

जातीजमातींच्या चित्रांपेक्षा महाराष्ट्रात इतिहासाची चित्रे अधिक तापतात. त्यांचा कारखाना पुण्यात होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878 मध्ये चित्रशाळा प्रेस काढला आणि तिथून पेशवे, नाना फडणवीस, देवदेवता घरोघर गेल्या. ज्यांनी बखरी वाचल्या नाहीत त्यांनाही इतिहास दिसू लागला. दिसू लागलेली गोष्ट बाजारात यायला वेळ लागत नाही. ताजमहाल चहावर आला, लाल किल्ला आणि इंडिया गेट तांदळावर आले. पण माणसांच्या बाबतीत राज्याने कुंपण घातले. चिन्हे आणि नावे यांचा अनुचित वापर रोखणारा कायदा 1950 मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, नेहरू, इंदिरा गांधी यांची नावे आणि चित्रे आहेत. कॅलेंडरावर चित्र चालते, पण त्या कॅलेंडरावरून मालाची जाहिरात करता येत नाही. म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाने किंवा चित्राने कोणी लोणचे विकू शकत नाही. संभाजी महाराजांचे नाव त्या यादीत नव्हते. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची विडी वर्षानुवर्षे त्या नावाने विकली गेली. आंदोलने झाल्यावर 2021 मध्ये ती 'साबळे बिडी' झाली. ज्या राजाचे बलिदान महाराष्ट्र सांगतो त्याचे नाव जळत्या तंबाखूवर असू नये, ही भावना योग्यच होती. नवल वाटते ते इतकी दशके ते कोणाला खुपले नाही याचे.

मराठवाड्यात इतिहासाचे ओझे आणखी गुंतागुंतीचे आहे. इथला मुक्तिदिन 17 सप्टेंबर 1948. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाचा उस्मानाबाद जिल्हा 2023 मध्ये धाराशिव झाला. पण चहात बुडवायचे उस्मानिया बिस्किट उस्मानियाच राहिले, आणि ज्या घरांनी रझाकारांचा छळ सोसला त्या घरांतही ते आवडीने खाल्ले जाते. हैदराबादच्या मोअज्जम जाही मार्केटात 1953 मध्ये सिंधी निर्वासित खानचंद रामनानी यांनी काढलेल्या कराची बेकरीला ही मोकळीक मिळाली नाही. पुलवामाच्या हल्ल्यानंतर 2019 मध्ये तिच्या बेंगळुरूच्या दुकानाला पाटीवरचे 'कराची' झाकावे लागले. फाळणीने घर सुटलेल्या माणसाने आपल्या गावाचे नाव बिस्किटाच्या खोक्यावर जपले होते. ते शत्रूचे नाव म्हणून वाचले गेले, हा त्या कुटुंबावर अन्याय होता.

हे सगळे जपायचे कसे, हाही या विषयाचा भाग आहे. जुने डबे भंगारात जातात, लेबले वाळवी खाते. ज्यांच्या माळ्यावर असे काही असेल त्यांनी ते पुसून चकचकीत करू नये, आधी वाचावे. किंमत आण्यांत असेल तर वस्तू 1 एप्रिल 1957 पूर्वीची किंवा त्या सुमाराची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. हाली सिक्क्यातली किंमत असेल तर माल हैदराबाद राज्यासाठीच होता. पत्त्यात पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी यांतल्या किती लिपी आहेत आणि कोणती सर्वांत मोठी आहे, यावरून तो कोणासाठी छापला ते कळते. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव असते. चित्रकाराचे बहुधा नसते. आणि पाकिटावर हिरवा किंवा तपकिरी ठिपका असेल तर ते 2001 च्या सुमाराचे किंवा नंतरचे. तो ठिपका सरकारी नियमाने आला, पण पंचहौद मिशनच्या कपापुढे पुणेकरांनी विचारलेल्या प्रश्नाचे तो वर्तुळातले उत्तर आहे, हे जुन्या पाट्या पाहिलेल्या माणसाला लगेच जाणवते.

शेवटी जे चित्रात आलेच नाहीत त्यांच्याविषयी. आज बाजारात ब्राह्मणी गोडा मसाला मिळतो, सीकेपी मसाला मिळतो, कोल्हापुरी, मालवणी आणि नागपूरच्या हलबा-कोष्टी समाजातून आलेला सावजी मिळतो. मराठवाड्याच्या नावाची पुडी शोधावी लागते. मार्गशीर्षातल्या येळवसेला लातूर-धाराशिवकडे सगळे गाव शेतात जेवते. ती आंबील, ती भज्जी, ते बाजरीचे उंडे कोणत्या वेष्टनावर नाहीत. आणि मराठवाड्यातही ज्यांचे अन्न गावकुसाबाहेर शिजले त्यांचा पत्ता तर जाहिरातीच्या शंभर वर्षांत कुठेच लागत नाही. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रकती, वजडी हे पदार्थ हजारो घरांत पिढ्यान्‌पिढ्या केले गेले. त्यांना ना नथवाली बाई मिळाली, ना सुबक डबा, कारण चेहरा गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवण्यासाठी लावला जात होता आणि या चेहऱ्यांना घरात घ्यायचे नाही हे गिऱ्हाइकाने आधीच ठरवले होते. धाराशिवच्या मातीतले लेखक शाहू पाटोळे यांनी ती उणीव 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून भरायला घेतली. महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाच्या कृती, त्यांच्यामागची टंचाई, वाटणीचे नियम, सणाचे ताट, सगळे त्यात आहे. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2024 मध्ये 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने आला, आणि मराठवाडा हे नाव एका खाद्यग्रंथाच्या मुखपृष्ठावर जगभरच्या दुकानांत पोहोचले.